आजारी पाडलेली लाईन

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हंगामी ऑपरेटर म्हणून लागले. कॉलेज सकाळचं होतं आणि पाळी दुपारची, म्हणून जमलं. राहायला मावशीकडं होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं माझं कॉलेज काय आहे हे घरी सांगणं अवघड होतं आणि नोकरी काय आहे हे सांगणं त्याहून अवघड. बाबा आमच्या खेड्यात सांगायचे, "पोरगी तारेवर बसते." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक चिमणी येत असावी.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली. तिच्यात एक उभा लाकडी बोर्ड. गावातल्या प्रत्येक फोनसाठी त्यावर एक भोक आणि एक बारकी पत्र्याची झडप. गावात कोणी फोनची दांडी फिरवली की इकडं त्याची झडप टपकन खाली पडायची. मग आम्ही दोरीचं एक टोक त्या भोकात घालून "बोला" म्हणायचं, कुठं पाहिजे ते विचारायचं आणि दुसरं टोक तिथं घालायचं. हे मला आपांनी शिकवलं.

आपा म्हणजे आमच्या मोठ्या ऑपरेटर. गावातले सगळेच त्यांना आपा म्हणायचे. नवरा लवकर गेला होता. एकुलत्या एका मुलीला त्यांनी याच नोकरीवर वाढवलं आणि बुऱ्हानपूरला दिलं होतं. घरी त्या उर्दू बोलत, बोर्डावर वऱ्हाडी, आणि साहेब आले की शुद्ध मराठी. मी सुरुवातीला फार हळू बोलायची. पलीकडच्याला ऐकूच जायचं नाही. आपा म्हणायच्या, "बेटा, तू कोणाच्या घरात चोरून शिरून राह्यली का? दार आपलंच हाय. जोरानं बोल."

बाहेरगावी जायला आमच्याकडं दोनच लाईनी होत्या. एक थेट नांदुऱ्याची. नांदुरा रेल्वेचं गाव, त्यामुळं भुसावळ, बुऱ्हानपूर, मुंबई हे सगळं तिथून यायचं. दुसरी अमडापूरची. ती जुनी, बारीक तारेची. अमडापुराहून ती पुढं एका मोठ्या एक्स्चेंजला जायची. आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या तारा तिथं एकत्र येत, म्हणून आम्ही त्याला 'मधलं' म्हणायचो. मधल्याहून नांदुऱ्याला दोन लाईनी होत्या. म्हणजे नांदुऱ्याहून आमच्याकडं यायला एक सरळ वाट होती आणि एक मधलं, अमडापूर असं करत फिरून येणारी. त्या फिरत्या वाटेनं आवाज इतका बारीक यायचा की सहसा कोणी तिकडून जात नसे.

ऑपरेटर एकमेकांना नावानं हाक मारत नसत. नांदुऱ्याच्या बोर्डावर जो असेल तो 'नांदुरा', मधल्यावर जो असेल तो 'मधलं'. अमडापूरला मात्र कायम एकच माणूस असायचा. तिथले पोस्टमास्तरच बोर्ड सांभाळायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीत नांदुऱ्याच्या लाईनचं काम निघालं. नाल्याजवळचे काही खांब कलले होते. लाईन चालू होती, आवाजही स्वच्छ होता, पण खांब बदलायचे तर ती दिवसभर बंद ठेवायला हवी. साहेबांनी दिवस ठरवून दिला. कॉलेज बंद असल्यामुळं मलाही सकाळपासून बोलावलं.

नेमकं आदल्या संध्याकाळी आपांच्या जावयाचा फोन आला. मुलीला दवाखान्यात नेलं होतं. पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं. पण सातव्या महिन्यात ती पाय घसरून पडली आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. आपांनी रजा मागितली होती. ती मिळालीही होती, पण लाईनचं काम झाल्यानंतरची. बाळाची वेळ त्याच्याही नंतरची होती, म्हणून त्यांनी मान्य केलं. आता सगळंच अलीकडं आलं होतं. जावई कापडाच्या दुकानात कामाला होता. तो म्हणाला, काही झालं की दुकानातून फोन करतो.

रात्रभर माझ्या मनात तेच होतं. सकाळी आल्या आल्या मी म्हटलं, "आपा, साहेबांना सांगून लाईनचं काम एक दिवस पुढं ढकलता नाही का येणार?"

आपा झडपा पुसत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "उद्या कोणाची लेक नसन का? रोज कोणाची ना कोणाची लेक तारेवर असतेच, बेटा. मंग ते खांब कधीच नाही उभे राहाचे."

त्या अशा बोलल्या, पण आदल्या दिवशीचीच ओढणी त्यांच्या अंगावर होती. आपा कधी असं करत नसत.

त्यानंतर त्यांनी नांदुऱ्याच्या चालू लाईनवर मध्येच शिरून सांगितलं, "नांदुरा, आमची लाईन आज आजारी हाय. आमचे पाहुणे मधल्याकून धाडा." मग अमडापूरमार्गे मधल्याला सांगितलं, "आमची नांदुऱ्याची लाईन आजारी हाय. आमचं जे येईन ते नांदुऱ्याकडं नका देऊ, मास्तरांकडं द्या."

मी गोंधळले. त्याच वेळी त्याच लाईनवर एक जिनिंगवाले शेठ नांदुऱ्याशी रुईचा भाव बोलत होते आणि त्यांचं हसणंसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं.

"आपा, लाईन तर बरी आहे."

"बरी हाय म्हणूनच आतापासून आजारी पाडून राह्यली."

"म्हणजे खोटं?"

आपा हसल्या. "आजाऱ्याच्या घरी कोणी मुक्कामाले जाते का? नाही जात. बाहेरच्या बाहेर दुसरीकडं उतरते. पण जो आधीच पानावर बसला त्याले उठवाचं नाही. त्याले जेवू द्याचं, हात धुऊ द्याचे, मंग दार लावाचं. एकदम दार लावलं तं पाटावरचा माणूस उपाशी उठन, अन् रस्त्यातले चार जण दाराशी येऊन बोंबलतीन."

मला ते फार आवडलं. कॉलेजात असं कोणी शिकवत नव्हतं. निदान मला समजेल असं तरी नाही.

शेठचं बोलणं संपत नव्हतं. लाईनमन भाऊ नाल्याजवळ खांबावर चढून बसले होते. त्यांनी आपला तपासणीचा फोन तारेला लावून विचारलं, "आपा, सोडू काय तार?"

"थांब बे. शेठ बोलून राह्यले अजून."

"काय बोलून राह्यले इतकं?"

"तुले काय कराचं? तू खांबावर बसून ऊन खाय."

"ऊन खाऊन पोट भरलं, आपा."

शेवटी शेठनी बोलणं संपल्याची दांडी फिरवली आणि त्यांची झडप पडली. आपांनी दोरी काढली, नांदुऱ्याला "बंद करते" म्हटलं, तिकडून "करा" आलं, आणि मग लाईनमनला सांगितलं, "सोड." कोणाचंही बोलणं तुटलं नाही. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

पण जे दोन वाटांनी यायचं ते आता एकाच बारीक वाटेनं येऊ लागलं. कापसाचा हंगाम होता. व्यापाऱ्यांचे फोन, कोर्टाचे फोन, दवाखान्याचे फोन, सगळे अमडापूरच्या तारेवर. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नव्हतं. अमडापूरच्या गावातल्या माणसांनाही आपल्याच तारेवर जागा मिळेना.

मास्तर कुरकुरले, "आपा, तुमचे पाहुणे माह्या घरी जेवून राह्यले अन् माह्या घरचे लोक ओसरीवर उभे हायेत."

"आजच्या दिवस वाढा मास्तर. सवाब मिळन, पुण्य लागन."

"सवाब मिळन हो, पण माह्या कानाचं काय? सगळे मुंगीवाणी बोलून राह्यले."

खिडकीशीही माणसं येऊ लागली. एक धान्याचे व्यापारी तासभर ताटकळून थेट आत डोकावले.

"काहो बाई, तार चोरीले गेली का?"

"नाही काका, काम चालू आहे. आज जरा वेळ लागेल," मी म्हटलं.

"मंग मी नांदुऱ्याले बसनंच जातो. तुमच्या फोनच्या आधी पोचतो."

"हाव, जा," आपा बोर्डावरून नजर न काढता म्हणाल्या, "अन् तिथं पोचले की आम्हाले फोन करजा. तो लागला का नाही ते आम्ही सांगतो."

ते हसत हसत बाकावर जाऊन बसले. आपा अशा बोलत होत्या, पण अमडापूरची झडप पडली की त्यांचा हात माझ्या आधी दोरीवर जायचा. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचा फोन निघायचा. त्या त्याला जोडून द्यायच्या आणि पुन्हा हात मांडीवर ठेवायच्या.

दुपार झाली आणि मला काहीतरी वेगळं वाटू लागलं. आमच्याकडून आजूबाजूच्या गावांना जाणारे फोन जात होते. उशिरा का होईना, जात होते. पण बाहेरून आमच्याकडं येणारा एकही फोन बराच वेळ आला नव्हता. सकाळी तर रांग होती. आपांच्याही हे लक्षात आलं असणार. त्यांच्या कानातून एवढी गोष्ट सुटणं शक्य नव्हतं. पण त्यांनी मधल्याला विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी विचारलं असतं तर ते स्वतःच्या फोनसाठी विचारल्यासारखं झालं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

नमाजाची वेळ झाली. "तू बस," म्हणून त्या मागच्या सामानाच्या खोलीत गेल्या.

मी बोर्डासमोर एकटी. मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, आमचं काही येत नाही का तुमच्याकडं?"

"नाही ना. दुपारपासून मधल्याकून तुमचा एकबी फोन नाही. मी तं म्हटलं, बरं झालं बाप्पा, पाहुणे जेवून गेले."

इथं सांगायला हवं की मला लोकांना प्रश्न विचारायची भीती वाटते. अजूनही वाटते. वर्गात समजलं नाही तरी मी हात वर करत नाही. मधल्यावरचे ऑपरेटर सगळे जुने, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना हंगामी मुलीनं काय विचारायचं? पण सामानाच्या खोलीचं दार बंद होतं आणि आपांना आज नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. मी मास्तरांना म्हटलं, "मला मधलं द्या."

मधलं आलं. सकाळचा आवाज नव्हता, दुसराच होता. पाळी बदलली होती.

"कोण? हो, बोला लवकर. इथं तं रामायण चालू हाय. नांदुऱ्याच्या दोन्ही लाईनी गुंतल्या, कोणाचंच काही जाऊन नाही राह्यलं."

माझा आवाज बारीक व्हायला लागला होता. मी तो मुद्दाम मोठा केला. "काका, आमच्या गावासाठी फोन आला तर तुम्ही कुणीकडं देता?"

"कुणीकडं म्हणजे? नांदुऱ्याकडं. तुमचं सगळं नांदुऱ्यावरूनच जाते ना."

"पण काका, आमची लाईन आज आजारी आहे. नांदुरा तर आमचे फोन तुमच्याकडं पाठवतोय."

सकाळचा निरोप या नव्या माणसाला कोणी दिलाच नव्हता. मग त्यांनी बहुधा शेजारच्याला हाक मारली असावी, कारण लांबून कोणाचं तरी बोलणं ऐकू आलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"पोरी, म्हणजे तो मले देते, अन् मी त्याचंच त्याले वापस करून राह्यलो?"

"तसंच असेल असं वाटतं."

"अन् तिथं दुसऱ्या बोर्डावरचा तेच पुन्हा माह्याकडं लोटून राह्यला." ते हसायला लागले. "मी म्हणतो दोन्ही लाईनी काऊन भरल्या. एकच फोन इकून तिकून फेऱ्या मारून राह्यला हाय. सासर नाही, माहेर नाही, बिचारा रस्त्यावरच."

"कुणाचा फोन आहे तो?"

"थांब, विचारतो." लांबून पुन्हा कोणाचं तरी बोलणं आलं. "बुऱ्हानपूर."

मी "काका, तो सोडू नका" एवढंच म्हटलं.

"नाही सोडत. मास्तरांकडं देतो. पण ध्यानात ठेव, आवाज नाही राहाचा. लई लांबून फिरून येऊन राह्यला."

आपा ओढणी सारखी करत बाहेर आल्या तेव्हा अमडापूरची झडप पडलेली होती. मास्तरांचा आवाज आला, "बुऱ्हानपूर हाय. आपांसाठी."

मी कानावरचं ऐकायचं-बोलायचं यंत्र काढून त्यांच्या पुढं धरलं. आपांनी ते घेतलं, कानाला लावलं, आणि परत माझ्या हातात दिलं. "तू बोल. माह्यानं नाही होत." सगळ्या गावाला सगळ्या गावांशी जोडून देणारी ही बाई बोर्डाची कड धरून उभी राहिली.

जावयाचा आवाज खरोखरच येत नव्हता. लांब कुठं तरी वारा वाहावा तसं काही तरी. तेवढ्यात नांदुऱ्याचा आवाज मध्ये आला. तोही क्षीण. तो मधल्याला सांगत होता, "पार्टीचा आवाज पुढं जात नाही. मी सांगतो तसं पुढं सांगा. त्यांना मुलगी झाली."

मधल्यानं मास्तरांना सांगितलं, "मुलगी झाली म्हणतात."

आणि मास्तर आमच्याकडं ओरडले, "आपांले सांग, नात आली."

मी आपांकडं वळून "नात" म्हटलं. त्यांनी मान हलवली. पण चेहरा मोकळा झाला नाही. "अन् माही लेक? माही लेक कशी हाय, ते विचार."

मी विचारलं. मास्तरांनी मधल्याला विचारलं, मधल्यानं नांदुऱ्याला. प्रश्न एकेका माणसाच्या तोंडून लांब लांब जाताना मला ऐकू येत होता, आणि दर वेळी तो थोडा बारीक होत होता. मग तारेत नुसती खरखर. बाकावरचे धान्यवाले काका उठून खिडकीशी आले होते आणि त्यांनी स्वतःच्या फोनचं काही विचारलं नाही.

उत्तर तसंच परत आलं, माणसामाणसांतून. नांदुरा म्हणाला, "त्यांची तब्येत चांगली आहे." मधलं म्हणालं, "बरी हाय, काही काळजी नाही." मास्तर म्हणाले, "आपांले म्हणा, लेक चहा पेली अन् झोपली."

चहाचं कोणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. मला तरी नांदुऱ्याच्या किंवा मधल्याच्या तोंडून ते ऐकू आलं नव्हतं. पण ते ऐकल्यावर आपा खाली स्टुलावर बसल्या. त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं, आणि मग यंत्रासाठी हात पुढं केला. मी ते त्यांना दिलं आणि दुसऱ्या यंत्रावर ऐकत राहिले.

तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये येऊन "वाढवायचं का" असं विचारायचं असतं. त्या दिवशी चौघांपैकी कोणीच विचारलं नाही.

जावयाला मध्ये किती माणसं आहेत याची कल्पना नसावी. तो बिचारा आपल्या सासूशीच बोलतोय असं समजून बोलत होता. तो काहीतरी म्हणाला. नांदुऱ्यानं ते ऐकलं आणि जरा घुटमळून मधल्याला सांगितलं. मधल्यानं हसत हसत मास्तरांना सांगितलं. मास्तर नुसतंच "हं, हं" करत राहिले.

"मास्तर?" आपा म्हणाल्या. "काय म्हणते जावई?"

मास्तरांनी घसा साफ केला. "आता कसं सांगू? ते म्हणतात, पोरीचे डोळे तुमच्यावर गेले."

मी आपांकडं पाहिलं नाही, बोर्डाकडंच पाहत राहिले.

"खरं खोटं मले नाही मालूम हो," मास्तर पुढं म्हणाले. "इतके वर्स झाले, तुम्हाले पाह्यलं कुठं मी?"

मग आपा हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा खरंखुरं हसल्या.

"मंग या एकदा," त्या म्हणाल्या. "लेक येईन चाळीस दिवसांनी, नातीले घेऊन. तवा या. दोघींचेबी पाहून घ्या, अन् मंग सांगा जावयाले."